नंबर थांबू द्या, मग तारीख घ्या

प्रश्न: वय २७, हिंजवडीत नोकरी, वाकडला भाड्याने राहते. पगार हातात ४८,००० येतो, खर्च ३२,०००, एसआयपी ५,०००, अडीअडचणीसाठी ६०,००० बाजूला आहेत. चष्म्याचा नंबर उणे साडेपाच, गेल्या वर्षी पावणेपाच होता. लेझरने नंबर काढायच्या लॅसिक शस्त्रक्रियेसाठी रोख ८५,००० किंवा बिनव्याजी ७,५०० चे बारा हप्ते, अशी ऑफर महिनाअखेरपर्यंत आहे. घेऊ का?

उत्तर: शस्त्रक्रिया करा, पण या महिन्यात नको. पैशांआधी तुमच्या नंबराबद्दल बोलतो. वर्षात पाऊण नंबर वाढलाय, म्हणजे तो अजून थांबलेला नाही. किमान वर्षभर नंबर स्थिर असावा, असं डॉक्टर सांगतात. लेझर आजचा नंबर काढतो, डोळ्याची पुढची वाढ थांबवत नाही. घाई केलीत तर दोन-तीन वर्षांत पुन्हा चष्मा लागू शकतो आणि ८५,००० मात्र गेलेले असतील.

बिनव्याजी हप्त्यांचे एकूण ९०,००० होतात. वरचे ५,००० हेच व्याज. प्रोसेसिंग फी असेल तर तिच्यावर १८ टक्के जीएसटीही लागेल. आणि ते ६०,००० तर अजिबात मोडू नका, तेच मुळात तुमच्या दोन महिन्यांच्या खर्चाइतकेही नाहीत.

विम्याची आशा फारशी धरू नका. साडेसातपेक्षा कमी नंबरासाठीचा हा खर्च आपल्याकडच्या आरोग्य विम्यात सहसा वगळलेला असतो. कंपनीच्या गटविम्याचं तेवढं एचआरला विचारून घ्या.

आता फायद्याचा हिशेब. लेन्स आणि सोल्युशनला महिन्याला ११००, शिवाय दर दोन वर्षांनी ६,००० चा चष्मा, असं तुम्ही कळवलंय. वर्षाचे १६,२०० झाले. शस्त्रक्रियेच्या ८५,००० मध्ये मी आणखी ५,००० धरतो. डोळ्यांचा कोरडेपणा बऱ्याच जणांना काही महिने राहतो, त्यामुळे थेंब लागतात. दुचाकीवर जाता, तर चांगला गॉगलही हवाच. म्हणजे पैसे वसूल व्हायला साडेपाच वर्षं. त्यानंतर चाळिशी लागेपर्यंत सहा-सात वर्षं निव्वळ बचत. चाळिशीचा वाचायचा चष्मा मात्र लेझरने टळत नाही, तो बहुतेकांना लागतोच.

भरून येण्याच्या काळाचाही खर्च असतो. लॅसिकमध्ये बुबुळावरचा पातळ पापुद्रा उचलून पुन्हा बसवतात. दुसऱ्या दिवशी दिसू लागतं, पण तो पापुद्रा पूर्वीइतका घट्ट कधीच होत नाही. डोळ्याला मार लागेल असे खेळ खेळत असाल तर डॉक्टरांना आधीच सांगा. पीआरके या दुसऱ्या लेझर पद्धतीत पापुद्रा नसतो, पण पहिले चार-पाच दिवस दुखतं आणि नजर बसायला काही आठवडे लागतात. तुमच्या बुबुळाची जाडी आणि आकार तपासूनच कोणती पद्धत ते ठरेल. तपासणीत नाही म्हटलं तर ते निमूट मानायचं. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसणं सुरुवातीला होतं, म्हणून ऑफिसातून रात्री गाडी चालवायला लागणार नाही अशी आठवडाभराची रजा किंवा घरून काम ठरवून ठेवा.

उणे साडेपाचचा डोळा मुळात लांब असतो आणि चष्मा गेला तरी तो लांबच राहतो. डोळ्यामागचा पडदा (रेटिना) सरकण्याची जोखीम शिल्लक असते. वर्षातून एकदा पडद्याची तपासणी आजही हवी आणि नंतरही. तो खर्च कायमचा धरा.

मार्ग सांगतो. खर्च आणि एसआयपी जाऊन हातात ११,००० उरतात. त्यातले ९,००० दहा महिन्यांच्या आरडीत टाका. व्याज सोडूनच ९०,००० होतात. उरलेले २,००० अडीअडचणीच्या पैशांत घाला, ते ८०,००० होतील. एसआयपीला हात लावू नका. आजपासून वर्ष झालं की नंबर पुन्हा तपासा आणि तेवढाच असेल तरच तारीख घ्या. तपासणीआधी सॉफ्ट लेन्स एक-दोन आठवडे बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर मोजमाप चुकतं. पैसे भरण्याआधी हॉस्पिटलकडून लिहून घ्या: नंबर थोडा परत आला तर दुरुस्तीचे वेगळे पैसे पडतील का, आणि किती वर्षांपर्यंत.

शस्त्रक्रियेआधीचे बुबुळाचे रिपोर्ट विम्याच्या फाइलमध्येच ठेवा. साठीत मोतीबिंदू काढायची वेळ आली, की कृत्रिम भिंगाचा नंबर ठरवताना डॉक्टर तेच कागद मागतील.