वीर्डा यांचे आराखडे कोणत्या नावाने शोधावेत

तुमचा प्रश्न वाचून माझे जुने दुखणे जागे झाले. डच वास्तुविशारद सीत्से वीर्डा यांच्या दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया आणि जोहान्सबर्ग येथील इमारतींवर प्रबंध लिहिण्यासाठी तुम्ही मूळ आराखडे मागितलेत आणि 'या नावाची नोंद आढळत नाही' एवढेच उत्तर आले, असे तुम्ही लिहिले आहे. मलाही एका कचेरीने (नाव घेत नाही) पाच महिने ताटकळत ठेवून हेच कळवले होते. नोंद त्या नावाने नव्हती हे खरे. पण ती कोणत्या नावाने असू शकते हे सांगायला आणखी एक ओळ पुरली असती, आणि ती कोणी लिहिली नाही याचा राग मला आजही येतो.

1839 साली फ्रीसलंडमध्ये जन्मलेले वीर्डा नेदरलँड्सच्या रेल्वेतील नोकरीनंतर 1887 मध्ये ट्रान्सवालच्या बोअर (डच वंशाच्या वसाहतकारांच्या) प्रजासत्ताकात सरकारी अभियंता व वास्तुविशारद म्हणून गेले. तेथे त्यांनी जे केले ते सरकारी खात्याचे काम होते. क्लास फान राइसे, फ्रान्स सोफ यांच्यासारखे इतर डच लोकही त्याच खात्यात होते. त्यामुळे व्यक्तीच्या नावाने न शोधता सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नावाने, इमारतीच्या त्या काळातील डच नावाने आणि वर्षाने शोधावे, असे माझे ठाम मत आहे. टपालकचेरीसाठी 'पोस्टकांतोर' हा शब्द वापरून पाहा. प्रिटोरियाच्या न्यायप्रासादासाठी 'पॅलेस ऑफ जस्टिस' असे शोधल्यास मात्र तेथे नेल्सन मंडेला यांच्यावर चाललेला 1963-64 चा रिव्होनिया खटलाच पुढे येत राहील.

मला सर्वांत महाग पडलेली चूक वेगळीच होती. जोहान्सबर्गच्या रिसिक स्ट्रीटवरील टपालकचेरी 1897 ची, म्हणून तिचा दर्शनी भाग जसा दिसतो तसा वीर्डा यांचाच असे मी धरून चाललो आणि त्याच्या प्रमाणबद्धतेवर एक अख्खे प्रकरण लिहिले. प्रत्यक्षात मूळ इमारत तीन मजल्यांची होती. चौथा मजला आणि घड्याळाचा मनोरा ब्रिटिश अमलात, 1902 मध्ये चढवला गेला. हे कळल्यावर मी छायाचित्रावर कोऱ्या कागदाची पट्टी ठेवून वरचा भाग झाकला, तेव्हा मला बोजड वाटणारी इमारत एकदम सावरून बसली. मी ज्याला वीर्डा यांचा दोष म्हटले होते तो त्यांचा नव्हताच. ते प्रकरण मला पूर्णपणे नव्याने लिहावे लागले.

म्हणून प्रत्येक इमारतीत कोणता भाग कोणत्या वर्षाचा आहे हे आधी निश्चित करा. प्रिटोरियाच्या राडसालची, म्हणजे संसद भवनाची, कोनशिला प्रजासत्ताकाचे अध्यक्ष क्रूगर यांनी 1889 मध्ये बसवली. पण शेजारच्या ग्रँड हॉटेलपुढे ती खुजी दिसू नये म्हणून काम चालू असतानाच एक मजला वाढवला गेला. तेव्हा आधीचा आराखडा हाती लागला, तर तो उभ्या इमारतीशी जुळणार नाही. न्यायप्रासादाची कोनशिला 1897 ची, मात्र 1900 मध्ये ब्रिटिश फौजा प्रिटोरियात शिरल्या तेव्हा तो अपुराच होता. तेथे लष्करी रुग्णालय चालले आणि काम 1902 मध्ये पुरे झाले.

मी प्रशिक्षित इतिहासकार नाही आणि माझा अनुभव काही वर्षांपूर्वीचा आहे. कचेऱ्यांचे नियम आता बदललेले असू शकतात. तरीही नवा अर्ज करताना वीर्डा यांचे नाव विषयाच्या ओळीत न घालता खाली, संदर्भापुरतेच लिहा.