करंडा आणि आजी

प्रिय सई,

रविवारी बायका गेल्यावर तू विचारलंस, “सगळ्यांना कुंकू लावलंस, आजीला नुसता तिळगूळ. तिने काय केलं?” मी वाट्या आवरत राहिले, आणि तू हॉस्टेलवर परत गेलीस. तिने काहीच केलं नाही गं. आजोबा गेले, एवढंच.

लहानपणी आमच्या हातात करंडा यायचा तो सूचनांसकट. आधी हळद, मग कुंकू. बोट कोरडं हवं, ओलं असलं की कुंकवाचा गोळा होतो. मग हातावर अत्तर, गुलाबदाणी, ओटीत तांदूळ, नारळाची शेंडी तिच्याकडे, शेवटी वाण. कुणाला लावायचं नाही, हे मात्र कुणीच सांगत नसे. त्या बायका आधीच उठून आत गेलेल्या असायच्या, खोबरं किसायला.

पुराणांवर ढकलावं, तर तेही जमत नाही. पंचकन्यांतल्या तारा आणि मंदोदरी दोघींचे नवरे रामायणातच मारले जातात. वाली गेल्यावर तारा सुग्रीवाची होते, आणि लक्ष्मण संतापून येतो तेव्हा त्याच्यापुढे तिलाच पाठवतात. पराशरस्मृतीत नवरा मेला किंवा बेपत्ता झाला तर दुसरा करावा, असा श्लोक आहे. बंगालच्या ईश्वरचंद्र विद्यासागरांनी तोच पुढे केला आणि १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला. तरी ३७ वर्षांनी, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं, तर त्यांच्याच गावच्या मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. श्लोक होता, कायदा होता. करंडा मात्र शेजारणींच्या हातात होता. आता माझ्या हातात आहे म्हण.

हळदीकुंकू मला आवडतं. एके काळी बायकांना घराबाहेर पडायला तेवढंच तर निमित्त होतं. पण ज्यांना त्याची सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच ते नाही, हे मला कधी नीट पटवून देता येणार नाही.

कोल्हापूरकडच्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. आणि आपण इथे न्यू जर्सीत!

रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं. तोवर आलीस तर बघ, नाही जमलं तरी हरकत नाही. फक्त आजीला एकदम लावायला जाऊ नकोस, ती कपाळ मागे घेईल आणि दोघी अवघडाल. करंडा तिच्या हातात दे आणि तुला लावायला सांग. वाणाची एक वाटी उरली आहे, वरच्या खणात.

आई