भिंत सरकली तेव्हा

प्रिय बाय,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला. त्या वेळी मी झोपलेला असतो हे तुला ठाऊक आहे, म्हणजे प्रश्न बराच टोचत असणार. होस्टेलवरची मैत्रीण म्हणाली, "समाज बदलला की तुमच्या चर्चची मतं बदलतात, मग त्यात देवाचं काय?" आणि त्याच आठवड्यात घरून आजोबांनी फोनवर ऐकवलं, की पोप फ्रान्सिस यांनी होतं नव्हतं ते सगळं बदलून टाकलं. दोघांनाही तुला उत्तर देता आलं नाही. मोबाइलवर अंगठ्याने टाइप करत हे उरकणारं नाही, म्हणून हे पत्र.

आधी मैत्रिणीचं म्हणणं मान्य करून टाक. बदलतात. आपली कॅथॉलिक माणसं इथेच फसतात. "चर्च दोन हजार वर्षांत तसूभर हललं नाही" असं छातीठोकपणे सांगतात आणि समोरच्याने दोन सनावळ्या काढल्या की तोंडात मारल्यासारखी गप्प होतात.

काही बदल अगदीच वरवरचे, त्यांच्यात अडकू नकोस. मी नऊ वर्षांचा असताना वेदीसेवक होतो. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनमध्ये, फादरांची पाठ लोकांकडे. आम्ही पोरं घडाघडा म्हणायचो, "आद देऊम क्वी लेतिफिकात यूवेन्तूतेम मेआम." 'माझ्या तारुण्याला आनंद देणाऱ्या देवाकडे' हा त्याचा अर्थ मला कळला, तेव्हा तारुण्य संपत आलं होतं. १९६३च्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, लोकभाषेला वाट करून दिली आणि पुढे काही वर्षांत मिस्सा मराठीत आली. कम्युनियनसाठी, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर घेण्यासाठी, मध्यरात्रीपासून उपाशी राहायचा नियम होता, तो आता तासाभरावर आला आहे. म्हातारी माणसं तेव्हा कुरकुरली. आता मी म्हातारा झालोय आणि गिटारवरच्या गाण्यांवर कुरकुरतो.

खरी अडचण व्याजापाशी सुरू होते. मी उभा जन्म बँकेच्या काउंटरमागे काढला, म्हणून हा विषय मला जवळचा. ११७९ साली तिसऱ्या लॅटरन परिषदेने ठरवलं, की उघड व्याजबट्टा करणाऱ्याला कम्युनियन नाही आणि मेल्यावर ख्रिस्ती दफनही नाही. पुढे १३११-१२च्या व्हिएन परिषदेने, व्याज घेणं पाप नाही असं हट्टाने म्हणणाऱ्याला पाखंडी ठरवलं. आधार बायबलचाच. त्यातल्या निर्गम या पुस्तकात सरळ सांगितलं आहे, की माझ्या लोकांतल्या गरिबाला पैसे उसने दिलेस तर त्याच्याशी सावकारासारखा वागू नकोस, त्याच्यावर व्याज लादू नकोस. त्या हिशेबाने मी, माझे सगळे सहकारी आणि एफडी ठेवून बसलेली आपली अख्खी आळी दफनभूमीच्या बाहेर.

मग हे सुटलं कसं? गंमत अशी, की पहिली फट पाडली ती फ्रान्सिस्कन संन्याशांनी, म्हणजे ज्यांनी स्वतः गरिबीची शपथ घेतलेली. इटलीतल्या शहरांत अडलेला माणूस सावकाराच्या दारात जाऊन नागवला जाई. म्हणून १४६२ साली पेरुजामध्ये त्यांनी गरिबांसाठी गहाणपेढी काढायला लावली. वस्तू ठेवायची, थोडे पैसे उचलायचे आणि पेढीचा खर्च निघेल एवढीच किरकोळ रक्कम वर द्यायची. इतर संन्याशांनी, विशेषतः डोमिनिकनांनी, आरडाओरडा केला, की खर्च म्हणा नाहीतर काही म्हणा, हे व्याजच. वाद पन्नास वर्षं चालला आणि १५१५ साली पाचव्या लॅटरन परिषदेने त्या पेढ्यांना मान्यता दिली. तरी मूळ बंदी उठली नव्हती. १७४५ साली पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी ती पुन्हा ठणकावून सांगितली, फक्त इतर न्याय्य कारणांनी मुदलापेक्षा जास्त घेता येतं ही वाट मोकळी ठेवली. शेवटी १९१७च्या धर्मसंहितेत कायदेशीर दराच्या व्याजावरची हरकत मिटली. आणि पुढच्याच वर्षी, १९१८ साली, इथे वसईत एका धर्मगुरूनेच, मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी, कॅथॉलिकांची सहकारी पतसंस्था उभी केली. तीच आजची आपली बॅसीन कॅथॉलिक बँक. सातशे वर्षांपूर्वी ज्या धंद्यापायी माणसाला माती मिळाली नसती, तो धंदा पाद्रीबाबांनी सुरू केला आणि त्यापायी कितीतरी पानमळे सावकाराकडे जायचे वाचले.

आता हे तू मैत्रिणीला कसं सांगशील? 'नियम बदललाच नाही, फक्त समज वाढली' अशी मखलाशी करू नकोस. नियम बदलला. कारणही समाजातच होतं: पैसा पूर्वी उपाशी माणसाचं उसनं होता, व्यापार वाढला तसा तो भांडवल झाला. पण नियम ज्याच्यासाठी होता, तो अडलेला माणूस, त्याला चर्च विसरलं का, हे बघ. गहाणपेढीत तो होता, पतसंस्थेतही होता. म्हणून तो बदल मला पटतो. शेकडा दहाने महिन्याचं व्याज लावणारा आजही माझ्या लेखी त्याच जुन्या कुंपणाबाहेरचा, मग तो रविवारी पहिल्या बाकावर का बसेना.

मैत्रिणीच्या प्रश्नात आणखी एक गृहीत दडलेलं आहे, की समाज पुढे चाललेला असतो आणि चर्च त्याच्या मागे फरफटत जातं. आपल्याच किनाऱ्यावर याचा उलटा दाखला आहे. पोर्तुगीजांनी वसई १५३४ साली घेतली, मागोमाग फ्रान्सिस्कन आले, जेझुईट संन्यासी आले, गावंच्या गावं ख्रिस्ती झाली. ख्रिस्तात यहुदी आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही, असं पौल गलतीकरांना लिहितो. आणि झालं काय? गोव्यात बामण, चारडो, सुदीर तसेच राहिले आणि चर्चच्या सणांचा मान जातवार वाटला गेला. आपल्याकडे सामवेदी, वाडवळ, कोळी. १६२३ साली पोप ग्रेगरी पंधरावे यांनी मदुराईकडच्या बाप्तिस्मा घेतलेल्या ब्राह्मणांना जानवं आणि शेंडी ठेवायची मुभा दिली, ही धर्माची खूण नसून समाजातली रीत आहे, या समजुतीवर. हेतू वाईट नव्हता. तिथला जेझुईट धर्मप्रचारक रोबेर्तो दे नोबिली हा विद्वान आणि प्रामाणिक माणूस. पण समाजाशी जुळवून घेणं म्हणतात ते हेच, आणि त्याचा भार पडला तो ज्याला जानवं घालायचा अधिकारच नव्हता त्याच्यावर. २०१६ साली भारतातल्या कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने दलितांसाठीचं धोरण जाहीर केलं, तेव्हा चर्चमधल्या जातिभेदाची कबुली लेखी आली. मधे जवळजवळ चारशे वर्षं गेली. तुझ्या ताईच्या लग्नाच्या वेळी तुमच्याच ओटीवर काय बोलणं झालं, ते मला लिहायला लावू नकोस.

तेव्हा 'बदललं का' एवढंच विचारून भागत नाही. कोणाचं ओझं उतरलं आणि कोणाच्या डोक्यावर चढलं, ते विचार. बदल न करणाऱ्यालाही हाच प्रश्न विचार.

आजोबांशी जपून बोल, त्यांच्याशी वाद घालायचा नाहीये. पोप फ्रान्सिस यांनी सगळं बदललं नाही. २०१८ साली त्यांनी कॅटेकिझममधला, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत पुस्तकातला, एक परिच्छेद बदलला आणि देहदंड अस्वीकारार्ह ठरवला, हे खरं. पण जॉन पॉल दुसरे १९९५ सालीच जवळपास तिथवर आले होते. आणि व्हॅटिकनच्या स्वतःच्या कायद्यात १९६९ पर्यंत फाशीची तरतूद होती, हेही आजोबांना हळूच सांग, चहा झाल्यावर. ते ज्या पोपना 'जुन्या वळणाचे' म्हणून मानतात, त्यांच्याच काळात बरंच हललं. १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षं सोडली तर, गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणारं धर्मन्यायालय, होतं. १८६४ साली पोप पायस नववे यांनी धर्मस्वातंत्र्याच्या कल्पनेला चुकांच्या यादीत बसवलं. आणि ७ डिसेंबर १९६५ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केलं, की श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही जबरदस्ती करता येणार नाही. ज्या वसईत देवळं पाडून चर्च उभी राहिली, त्या वसईतल्या ख्रिस्ती माणसाने तरी हे वाक्य वाचून हुश्श केलं पाहिजे.

मग न हललेलं काय? ३२५ साली नायसियात जमलेल्या बिशपांनी येशूविषयी जे ठरवलं, त्यावर उभी असलेली श्रद्धा आपण आजही मिस्सात उभं राहून जाहीर करतो. व्याज, फाशी, लॅटिन यांपैकी काहीच त्यात नाही, कधी नव्हतंही. लेरिन्सचा व्हिन्सेंट नावाचा एक साधू पाचव्या शतकात लिहून गेला, की श्रद्धा मुलाच्या अंगासारखी वाढते, अवयव तेच राहतात. उपमा मला आवडते. फक्त अंगावर गाठीही वाढतात, एवढं मी माझ्या पदरचं घालतो.

सगळ्याच प्रश्नांना माझी ही फूटपट्टी लागते असं समजू नकोस. संततिनियमनाचं घे. पोपनी नेमलेल्या आयोगातल्या बहुतेकांनी १९६६ साली बदलाच्या बाजूने कौल दिला, तरी १९६८ साली पोप पॉल सहावे यांनी कृत्रिम साधनांना बंदी, हे जुनंच कायम केलं. कागदावर ते आजही तसंच आहे. आमच्या पिढीत घरटी सात-आठ भावंडं होती, तुमच्यात दोन. कशी, ते कुमसारात, म्हणजे फादरांपुढच्या पापकबुलीत, कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. याला बदल म्हणायचा की न बदलणं?

आता एक घरची गोष्ट सांगतो. ही मी धर्मशिक्षणाच्या वर्गात कधी सांगितली नव्हती.

माझ्या आधी, १९५० साली, आईला एक मुलगा झाला होता. घरीच, पहाटे. सुईण ख्रिस्तीच होती. मूल जाईल असं वाटलं तर कोणीही डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा देऊ शकतं, हे तिला ठाऊक होतं, पण ती आईला सावरण्यात गुंतली आणि तेवढ्यात ते गेलं. बाप्तिस्मा नाही म्हणून चर्चमध्ये विधी नाही, घंटा नाही. धर्मसंहितेप्रमाणे पवित्र केलेल्या जमिनीत जागाही नाही. बाबा आणि काकांनी फळ्यांचं खोकं ठोकलं आणि दफनभूमीच्या भिंतीबाहेर, एका भेंडीच्या झाडापाशी पुरलं. आईला सांगण्यात आलं, की बाळ लिंबोत आहे. तिथे त्रास नाही, पण देवाचं दर्शनही नाही. म्हणजे मेल्यावरही भेट नाही, एवढाच अर्थ तिने काढला.

पुढे मी या लिंबोबद्दल वाचत गेलो. संत ऑगस्टिनच्या मते अशा बाळांच्या वाट्यालाही शिक्षा होती, फक्त सगळ्यांत सौम्य. मध्ययुगातल्या पंडितांना ते सोसवेना, म्हणून त्यांनी शिक्षेविनाची ही जागा कल्पिली. माझ्या आईला जे दगडासारखं लागलं, ते कोणे एके काळी कोणाच्या तरी कनवाळूपणातून आलं होतं. ती कधीच चर्चची ठाम ठरवलेली शिकवण नव्हती, पंडितांचं मत होतं. आईला हा फरक कोणी सांगितला नाही. १९६९च्या नव्या अंत्यविधीत बाप्तिस्म्याआधी गेलेल्या मुलासाठी प्रार्थना आल्या, १९९२च्या कॅटेकिझमने अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवलं.

मधल्या काळात, ऐंशीच्या दशकात, आमची दफनभूमी अपुरी पडू लागली. धर्मग्रामाने शेजारचा पट्टा घेतला, जुनी भिंत पाडली आणि पुढे नवी बांधली. भेंडीचं झाड आत आलं. रोममध्ये अजून कागद फिरत होते. इथे जागेच्या टंचाईने काम केलं.

२००७च्या एप्रिलमध्ये पोपच्या संमतीने व्हॅटिकनच्या पंडितमंडळाचा अहवाल आला: लिंबोची कल्पना तारणाकडे फार आखडून बघते, या बाळांचं तारण होतं अशी आशा धरायला भक्कम कारणं आहेत. मी पेपर घेऊन आईकडे गेलो. ती मागच्या पडवीत वालाच्या शेंगा सोलत होती. मी वाचलं, मराठी करून सांगितलं. तिने दोनदा विचारलं, कोण म्हणालं. मग थोड्या वेळाने म्हणाली, "मग आता वहीत त्याचं नाव घालतील?"

मी म्हटलं, ती वही बाप्तिस्मा झालेल्यांची असते. ती काही बोलली नाही, शेंगा सोलत राहिली. २०११ला ती गेली. फादरांना मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही विचारलं नाही.

तू नोव्हेंबरात घरी असलीस तर २ तारखेला, मृतांच्या स्मरणदिनी, संध्याकाळी दफनभूमीत ये. भेंडीपाशी वारा फार असतो, मेणबत्ती टिकत नाही. मेणबत्त्या मी आणीन, तू काचेचे दोन ग्लास तेवढे घेऊन ये.

तुझा,
धर्मशिक्षणाचा जुना सर