वाचकांचे प्रश्न : शंभरचा पॅक आणि स्वयंपाकघरातले अकरा

प्रश्न : आमच्या शाळेतील आठवीच्या मुलांनी यंदा एस्टोनिया, केनिया आणि जपान येथील मुलांशी ओळख करून घेऊन आपापल्या शाळेची आणि घरच्या इंटरनेटची तुलना करण्याचा प्रकल्प हाती घेतला आहे. पहिल्याच महिन्यात फळ्यावर कोष्टक तयार झाले : देश, इयत्ता, नेटचा वेग, महिन्याचा खर्च. ते पाहून आमची मुले हिरमुसली. अशा तुलनेला काही अर्थ आहे का?
— एक शिक्षिका, परळ

उत्तर : अर्थ नक्कीच आहे, मात्र तुमच्या कोष्टकात चार रकाने असून त्यांतील एकाही रकान्यातले माप सगळीकडे सारखे नाही.

इयत्तेपासूनच सुरुवात करू. एस्टोनियात मूल सातव्या वर्षी पहिलीत जाते, आपल्याकडे सहाव्या वर्षी. म्हणजे तिथला आठवीचा विद्यार्थी तुमच्या विद्यार्थ्यापेक्षा साधारण वर्षाने मोठा असतो. जपानचे शालेय वर्ष एप्रिलमध्ये, एस्टोनियाचे १ सप्टेंबरला, केनियाचे जानेवारीत आणि आपले जूनच्या मध्यावर सुरू होते. त्यामुळे इयत्तेऐवजी वय लिहा आणि ‘यंदा’ या शब्दाऐवजी महिना लिहा. निम्मे गैरसमज तिथेच मिटतील.

‘देश’ हा रकाना तर सर्वांत फसवा. एस्टोनियाची लोकसंख्या सुमारे साडेतेरा लाख आहे. २०११च्या जनगणनेत एकट्या मुंबईची १ कोटी २४ लाख होती. त्या देशाने १९९६ साली ‘टायगर लीप’ हा कार्यक्रम जाहीर करून शाळाशाळांत संगणक आणि इंटरनेट पोहोचवायला घेतले. गंमत अशी, की आपल्याकडे विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी नेट सर्वसामान्यांना खुले केले, म्हणजे त्याआधीच. फरक पडला तो तिकडे तार आधी शाळेपर्यंत न्यायची असे ठरले म्हणून. आपल्याकडे ती आधी कचेरीत, मग सायबर कॅफेत, मग २०१६ नंतर स्वस्त डेटामुळे थेट खिशातल्या मोबाइलवर आली आणि पुष्कळ शाळांच्या वर्गखोल्या मधल्या मध्ये राहून गेल्या. जपाननेही प्रत्येक मुलामागे एक उपकरण देण्याची योजना २०१९च्या अखेरीस जाहीर केली आणि करोनामुळे ती घाईने पुरी केली. तुमच्या मुलांनी हिरमुसण्याऐवजी पत्रमित्रांना विचारावे, की ‘नेट तुमच्या शाळेत आधी आले की घरी?’ हा प्रश्न वेगाच्या आकड्यापेक्षा कितीतरी बोलका आहे.

वेगाच्या रकान्यात मुलांनी बहुधा पॅकवर छापलेला आकडा लिहिला असेल. तो पुसायला सांगा. हे उत्तर लिहिण्यापूर्वी मी माझ्या घरी रात्री साडेआठ वाजता मोजून पाहिले. पॅक शंभर एमबीपीएसचा. लॅपटॉप तारेने राउटरला जोडला तेव्हा ९२ दिसले. तोच लॅपटॉप उचलून स्वयंपाकघरात फ्रीजच्या पलीकडे, म्हणजे नातीच्या अभ्यासाच्या जागी, नेला तेव्हा ११. राउटर दारावरच्या फळीवर आहे, कारण केबलवाल्याची वायर तिथवरच पुरली. नातीच्या दृष्टीने आमच्या घराचा वेग ११ आहे, शंभर नव्हे. चारही शाळांतील मुलांनी आपण जिथे अभ्यासाला बसतो तिथे, आपापल्या घड्याळानुसार रात्री आठच्या सुमारास, सलग सात दिवस मोजावे आणि आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्यावा. सरासरी घेऊ नये. एका दिवशी नेट बंद पडले की ती बिघडते. डाउनलोडबरोबर अपलोडही लिहावे, कारण गृहपाठाची चित्रफीत पाठवताना तेच लागते.

ज्यांच्याकडे फक्त मोबाइलचा रिचार्ज आहे, त्यांचा रकाना वेगळा करा. रोज दीड-दोन जीबी मिळण्याच्या पॅकमध्ये कोटा संपला की वेग बहुधा ६४ केबीपीएसवर येतो (एक एमबीपीएस म्हणजे हजार केबीपीएस). त्या वेगाने चार एमबीची एक पीडीएफ उतरायला आठ मिनिटांहून अधिक वेळ लागतो, आणि कोटा मध्यरात्रीशिवाय भरत नाही. भावाने दुपारी क्रिकेटचा सामना पाहिला, की बहिणीचा संध्याकाळचा अभ्यास अडतो. केनियातही दिवसापुरते डेटा पॅक घेण्याची पद्धत रूढ आहे. तुमच्या मुलांना तिथे आपलीच गोष्ट ऐकायला मिळेल असे मला वाटते.

खर्चाबद्दल थोडक्यात : युरो आणि येन यांचे रुपये करत बसू नका. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने प्राथमिक ब्रॉडबँडचा खर्च दरडोई मासिक उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आत असावा, असे उद्दिष्ट ठेवले होते. तीच फूटपट्टी लावा. मात्र कोणत्याही मुलाला घरचे उत्पन्न वर्गात सांगायला लावू नका, देशाचा आकडा पुरेसा आहे.

आणखी एक. प्रत्यक्ष बोलायचे असेल तर दुपारी एकची वेळ धरा. तेव्हा नैरोबीत साडेदहा, टोकियोत साडेचार आणि एस्टोनियाच्या तालिनमध्ये हिवाळ्यात साडेनऊ, उन्हाळ्यात साडेदहा वाजलेले असतात. तुमची शाळा दोन अधिवेशनांत भरत असेल, तर हीच सकाळ आणि दुपार यांच्या सांध्याची वेळ असते. जिन्यात गोंगाट असणार, तेव्हा खोली तेवढी आधी मिळवून ठेवा.

प्रश्न : माझ्या मुलीच्या एस्टोनियातील मैत्रिणीकडेही शंभर एमबीपीएसचेच नेट आहे. तिचे चित्र स्वच्छ दिसते, आमचे सारखे अडकते. केबलवाला आम्हाला फसवतो आहे काय?
— एक पालक, भांडुप

उत्तर : तसा निष्कर्ष काढण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा. शंभर एमबीपीएस म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिट. फाइलची मोजणी बाइटमध्ये होते आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात, म्हणून फाइल सेकंदाला साडेबारा एमबीच्या वर उतरणारच नाही. यात लबाडी नाही. दुसरे, भिंती. राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतो; त्यांतील पाच गिगाहर्ट्झची वेगवान असली तरी भिंतीत लवकर हरवते. तिसरे, एकच जोडणी अनेक घरांत वाटलेली असते आणि रात्री आठ ते अकरा सगळेच ती वापरतात. पहाटे सहाला तारेने मोजून वेग पूर्ण आला आणि रात्री तारेनेच मोजून तो निम्म्यावर आला, तर मात्र तक्रार करा, आणि आठवडाभराचे आकडे समोर ठेवून करा. ‘नेट स्लो आहे’ या तक्रारीवर ‘राउटर बंद करून चालू करा’ याखेरीज दुसरे उत्तर मला तरी आजवर मिळालेले नाही. फायबरच्या डब्यावर लाल दिवा लुकलुकत असेल, तर प्रश्नच मिटला : प्रकाशच येत नाही, म्हणजे गच्चीवर किंवा रस्त्यात कुठेतरी वायर तुटली आहे.

प्रश्न : केनियातील मित्राला मी पाठवलेला संदेश उपग्रहावरून जातो का?
— एक विद्यार्थी, काळाचौकी

उत्तर : बहुधा नाही. तुझा संदेश समुद्राच्या तळाशी टाकलेल्या काचतंतूंच्या केबलमधून जातो, आणि अशा अनेक केबल आपल्या मुंबईच्या किनाऱ्यावर वर येतात. त्यांतील ‘सीकॉम’ ही २००९ मध्ये सुरू झालेली केबल पूर्व आफ्रिकेला मुंबईशी जोडते. केनियात ती मोंबासाला लागते. तुझा संदेश याच वाटेने जाईल असे मात्र नाही. ॲपच्या कंपनीचे सर्व्हर युरोपात असतील, तर तो आधी तिकडे वळसा घेऊन मग खाली येईल. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणून दहा हजार किलोमीटरची वाट जाऊन-येऊन सेकंदाच्या दहाव्या भागात संपते. भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसणारा, उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असल्याने तिथून विचारून उत्तर यायला जवळजवळ अर्धा सेकंद जातो.

केबलही तुटतात, बरे का. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तजवळ दोन केबल तुटल्या आणि भारतातले नेट रडतखडत चालू राहिले. केनियाकडे तर २००९ पर्यंत अशी केबलच नव्हती. सगळा भार उपग्रहावर होता. तुझ्या मित्राला ते दिवस आठवणार नाहीत, त्याच्या शिक्षकांना आठवतील. पुढच्या पत्रात त्यांना विचारून बघ.