चपला बाहेर का काढायच्या, पिल्लू

पिल्लू, काल व्हिडिओ कॉलवर तू विचारून राहिला होता ना, की इंग्लंडच्या चर्चच्या फोटोत सगळे बूट घालून बाकांवर बसलेत, मग आजीच्या गावच्या चर्चमध्ये आपण चपला काढून सतरंजीवर का बसतो, आपलं चुकतं का? तेव्हा मला ड्युटीची घाई होती, आता नीट सांगते.

काही चुकत नाही बाळा. इथल्या, इंग्लंडच्या खेड्यातलं चर्च खूप जुनं आहे, भिंती एवढ्या जाड की खिडकीत तू पाय पसरून बसशील. रविवारी उपासनेनंतर एका आजोबांनी मला भिंतीला लागून असलेला दगडी कट्टा दाखवला, मधोमध झिजून खोलगट झालाय, हात लावला तर थंडगार. पूर्वी बसायला तेवढंच असायचं, तेही म्हाताऱ्या-आजारी लोकांसाठी, बाकीचे उभे नाहीतर गुडघ्यावर, आणि खाली जमिनीवर लव्हाळ्याचं गवत पसरलेलं! बाकं सगळीकडे आली ती १५व्या शतकाच्या आसपास. आपल्या नागपूरच्या सदरमधलं ऑल सेंट्स चर्च १८५१ चं, ते बांधलं तोवर इंग्रजांना बाकांची सवय झालेली.

आणि आपल्या सतरंजीचं नातं भजनाशी. मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आधी नागपुरातच बुटी नावाच्या श्रीमंत माणसाकडे काम करायचे, मग राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या साहेबाशी त्यांची गाठ पडली, त्याने बायबल वाचायला सांगितलं, आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण तुकाराम त्यांनी सोडला नाही, तुकोबांमुळेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असं ते मानायचे, म्हणून त्यांनी येशूवर अभंग लिहिले. आता अभंग म्हणायचा, टाळ वाजवायचे, तर मांडी घालूनच बसणार ना माणूस? मला तर तसंच बसून प्रार्थना येते, इथे बाकावर पाय लोंबकळतात नुसते.

चपलांचं म्हणशील तर इथे बाप्तिस्म्याचं दगडी कुंड दारापाशीच असतं, कारण बाप्तिस्मा म्हणजे आत येणं. आपण आत येताना उंबऱ्याशी चपला काढतो, घरी काढतो तशाच. मला दोन्ही आवडतं.

या रविवारी आजीजवळ पुढे बस, टाळ माग. आणि चपला दारात नको ठेवू, खिडकीखाली सावलीत ठेव, उन्हात तापल्या की पाय भाजतात.

आजीला सलाम सांग.

तुझी आई