जपानी लोणची कशी करतात, किती टिकतात आणि भारतात घरी घालता येतील का?

आपण विचारले आहे की जपानी जेवणात भाताशेजारी चिमूटभर वाढली जाणारी लोणची नेमकी कशी करतात, ती आपल्या लोणच्यांसारखी वर्षभर टिकतात का, आणि भारतात घरच्या घरी घालता येतील का. मी जपानमध्ये राहते आणि घरी भाताच्या कोंड्यातली लोणची नियमित घालते, म्हणून त्या प्रकाराविषयी अधिक आणि बाकीच्यांविषयी थोडक्यात लिहिते.

आपल्या लोणच्यात फोडी, मसाला, तेल आणि खार हे सारे एकत्रच ताटात येते. जपानी पद्धतीत मात्र भाजी ज्यात पुरून ठेवतात ते मीठ, कोंडा, मिसो (सोयाबीन आंबवून केलेला खारट लगदा) किंवा साके ही तांदळाची दारू गाळल्यावर उरलेला चोथा सहसा मागे राहतो आणि ताटात केवळ भाजी येते. तेल, मोहरी, मेथी यांचा संबंध नसतो. मीठ लावलेल्या भाजीवर जड दगड ठेवतात, त्या दाबाने तिचे पाणी सुटते, आणि त्या खाऱ्या पाण्यात बुडून राहिल्यामुळे भाजी नासत नाही. क्योतोतील कामिगामो भागात सुगुकी नावाचा सलगमाचा प्रकार पाल्यासकट असाच केवळ मिठात दाबतात. त्यासाठी लांब लाकडी दांड्याच्या टोकाला दगड बांधून पिंपावर भार देतात, आणि नंतर पिंपे उबदार खोलीत ठेवून त्याला आंबट होऊ देतात. जपानी लोणचे म्हणजे व्हिनेगरमध्ये बुडवलेली भाजी अशी समजूत असेल, तर सुगुकी अवश्य चाखावे. त्याचा सारा आंबटपणा आंबवण्यातून आलेला असतो.

कोंड्यातल्या लोणच्याला नुकाझुके म्हणतात. एक किलो ताज्या कोंड्याला साधारण १३० ग्रॅम मीठ आणि जवळजवळ लिटरभर पाणी लागते. पाणी उकळून, गार करून थोडे थोडे घालावे, आणि मिश्रण मुठीत दाबल्यावर बोटांच्या फटींतून जेमतेम ओल दिसेल इतपत झाले की थांबावे. त्यात सुक्या लाल मिरच्या आणि मिळाल्यास कोंबू या समुद्री वनस्पतीचा तुकडा घालतात. सुरुवातीचे दहा-पंधरा दिवस कोबीची बाहेरची पाने, मुळ्याची टोके असा टाकाऊ भाग त्यात पुरून दर दोन-तीन दिवसांनी बदलायचा. तो खायचा नसतो, त्याच्यामुळे आंबवणारे जिवाणू वाढीला लागतात. पुढे कोंडा ओल्या मातीसारखा मऊ होतो आणि त्याला आंबूस, किंचित फळासारखा वास येऊ लागतो, तेव्हा खरी भाजी घालावी.

रोज हात घालून कोंडा तळापासून ढवळावा लागतो, आणि त्यामागे कारण आहे. पृष्ठभागावर हवा मिळाल्याने पांढरी साय धरणारे यीस्ट वाढते, तळाशी हवा नसल्याने दुर्गंधी निर्माण करणारे जिवाणू बळावतात, आणि वरखाली केल्याने दोन्ही आटोक्यात राहतात. साय पातळ व पांढरी असेल तर काढून टाकून मीठ वाढवावे, परंतु काळी, हिरवी किंवा लाल बुरशी आणि कुजका वास आल्यास सगळा कोंडा टाकून द्यावा. वांग्याचा जांभळा रंग टिकावा म्हणून कोंड्यात लोखंडी खिळा ठेवण्याची जुनी रीत आहे आणि ती खरोखर उपयोगी पडते, कारण लोहाने सालीतला रंग स्थिर होतो. तांदूळ सडताना निघून जाणारे ब-१ जीवनसत्त्व कोंड्यातून भाजीत उतरते, हा या लोणच्याचा गुण पांढरा भात खाणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावा.

टिकण्याविषयी एकच उत्तर देता येत नाही. नुकाझुकेची काकडी बाहेर काढली की त्याच दिवशी खाल्लेली बरी. मुळे वळचणीला टांगून, वाकवल्यावर कडे होईल इतके सुकवून मग मीठ-कोंड्यात महिनोन्महिने ठेवलेले ताकुआन बराच काळ राहते. त्याचा पिवळा रंग मुळात मुरण्यातून येतो, पण बाजारी ताकुआनमध्ये पुष्कळदा हळद किंवा इतर रंग असतो. उमे या आंबट फळाची उमेबोशी जुन्या पद्धतीने, म्हणजे वजनाच्या १८ ते २० टक्के मीठ घालून आणि पावसाळा सरल्यावर उन्हात वाळवून केली, तर वर्षानुवर्षे खराब होत नाही. हल्ली मिळणारी कमी मिठाची, मध घातलेली उमेबोशी मात्र फ्रिजमध्येच ठेवावी.

कमी मिठाच्या झटपट लोणच्यांत स्वच्छतेला फार महत्त्व आहे. २०१२ साली होक्काइदोमध्ये अशाच चिनी कोबीच्या लोणच्यातून ओ-१५७ या ई. कोलायच्या घातक प्रकारच्या जिवाणूंची लागण होऊन आठ माणसे दगावली. त्यानंतर कायदा बदलला, आणि जून २०२४ पासून विक्रीसाठी लोणची घालणाऱ्या प्रत्येकाला परवाना व ठरावीक सोयींची जागा आवश्यक झाली. त्यामुळे अकितातील धुरावलेल्या मुळ्याचे इबुरिगाक्को घरच्या पडवीत करून विकणाऱ्या वयस्कर शेतकऱ्यांपैकी अनेकांनी काम थांबवले. नियमाची गरज मला मान्य आहे, तरीही त्या घराघरांतल्या निरनिराळ्या चवी जाताना पाहून मनापासून वाईट वाटते.

भारतात नुकाझुके नक्की करता येईल. गिरणीतून तूस नसलेला, त्याच दिवशी निघालेला कोंडा आणावा, कारण त्यातले तेल लवकर खवट होते. मंद आचेवर हलका भाजून घेतल्यास अधिक निर्धास्त राहता येते. कोंडा २० ते २५ अंशांत उत्तम चालतो, म्हणून हिवाळ्यात सुरुवात करावी आणि उन्हाळ्यात डबा फ्रिजमध्ये ठेवावा; तिथे दोन-तीन दिवसांनी ढवळले तरी पुरते. काकडी मीठ चोळून बाहेरच्या तापमानाला अर्धा दिवस ते एक दिवस ठेवावी, गाजराला त्याहून अधिक वेळ द्यावा, आणि खाण्यापूर्वी कोंडा धुऊन मगच चिरावे. आपण शाकाहारी असाल तर तयार पाकिटावरचे घटक मात्र वाचून घ्यावेत, कारण बाजारी लोणच्यांत कात्सुओ माशाचा अर्क बरेचदा असतो.