टेबलाला रंग देऊन कुठे नोकरी मिळते का?

कराडहून एका मुलीचं पत्र आलंय, थोडक्यात असं: "मी बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. बाकीच्या मुलींना डेव्हलपमेंट मिळालं, मला डॉक्युमेंटेशनला टाकलं. स्फिंक्समध्ये, म्हणजे डॉक्युमेंटेशनची वेबपानं बनवणाऱ्या टूलमध्ये, गाइड आहे, त्याला रीड द डॉक्सची थीम, म्हणजे तयार रूप, आहे, आणि तीन आठवडे मी फक्त त्यातली टेबलं सीएसएसने, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांनी, नीट करतेय. पॅरामीटरचं टेबल उजवीकडे एवढं पळतं की वर्णनाचा कॉलम दिसतच नाही. बाबा म्हणतात, टेबलाला रंग देऊन कुठे नोकरी मिळते का, सोड ते आणि ऐंशी हजारांचा फुल स्टॅकचा कोर्स लाव. काय करू सर?"

हे बघ, आधी बाबांच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकतो. नाही मिळत. 'टेबल स्टायलिंग येतं' असं रेझ्युमेवर लिहिलंस तर एचआर सरळ पुढच्या ओळीवर जाईल. पण वर्णनाचा कॉलम दिसत नाही हे तुला खटकलं ना, त्यावर नोकरी मिळते, आणि ती कशी ते सांगायलाच एवढं मोठं उत्तर लिहितोय. मी काउन्सेलिंगमध्ये यायच्या आधी टेक्निकल रायटिंगच, म्हणजे सॉफ्टवेअरची गाइडं लिहायचं काम, करायचो, त्यामुळे जरा खोलात जाईन, कंटाळू नकोस.

तुझं ते पळणारं टेबल. ती थीम काय करते, प्रत्येक टेबलाभोवती एक डिव्ह, म्हणजे न दिसणारा डबा, घालते जो आडवा स्क्रोल होतो, आणि आतल्या सगळ्या सेलना व्हाइट-स्पेस नोरॅप लावून ठेवते, म्हणजे मजकूर कितीही लांब असो, ओळ तुटणारच नाही. छोट्या टेबलाला चालतं, पण वर्णनात दोन वाक्यं आली की ती एका ओळीत मुंबईपर्यंत जातात. नेटवर शोधलंस तर उपाय लगेच मिळेल, कस्टम सीएसएस फाइल कर, व्हाइट-स्पेस नॉर्मल लिही, पुढे इम्पॉर्टंट ठोक म्हणजे तुझा नियम थीमवर मात करेल, कॉन्फ डॉट पाय या स्फिंक्सच्या सेटिंग फाइलमध्ये तिचं नाव दे, झालं. तूही बहुतेक हेच केलं असशील. आता ब्राउझरमध्ये इन्स्पेक्ट उघडून बघ की इम्पॉर्टंट खरंच लागतंय का. तुझा सिलेक्टर, म्हणजे नियम कशाला लागू ते सांगणारा भाग, थीमच्या सिलेक्टरइतक्याच ताकदीचा असेल आणि तुझी फाइल थीमच्या नंतर लोड होत असेल तर नाही लागत. हे स्वतः तपासून ज्याला सांगता येतं त्याला सीएसएस येतं असं मी म्हणेन, बाकीचे कॉपी-पेस्ट.

आणि खरी गंमत पुढेच आहे. सगळ्या सेलना नॉर्मल केलंस की पहिल्या कॉलममधली ऑप्शनची नावं तुटायला लागतात, कारण ब्राउझर डॅशपाशी ओळ तोडतो. मग 'डॅश-डॅश-कॉन्फिग' एका ओळीत आणि 'फाइल' खालच्या ओळीत, आणि वाचणाऱ्याला वाटतं की ही दोन वेगळी ऑप्शन्स आहेत. म्हणून पहिला कॉलम फर्स्ट-चाइल्ड या सिलेक्टरने धरून नोरॅपच ठेवायचा, वर्णन तेवढं मोकळं सोडायचं. आकड्यांचा कॉलम असेल, टाइमआउट, पोर्ट, लिमिट वगैरे, तर ज्या आकड्यांची तुलना करायची ते उजवीकडे लावायचे आणि टॅब्युलर-नम्स द्यायचं म्हणजे फॉन्टमध्ये सोय असेल तर एकाखाली एक अंक बसतो. पोर्ट नंबरची मात्र तुलना कुणी करत नाही, तो डावीकडेच बरा. बघ, नियम एकच पण कुठल्या आकड्याला लावायचा हे सीएसएस सांगत नाही, ते तुलाच ठरवायचंय.

एसटी स्टँडवरचं वेळापत्रक कुणी वरपासून खालपर्यंत वाचतं का? आपलं गाव शोधायचं, वेळ बघायची, निघायचं. तुझं टेबल पण लोक तसंच वाचतात. त्यामुळे एक ओळ आड फिकट पट्टा हवा, उभ्या रेघा शक्यतो नकोत, हेडिंग ठळक. रंगांचं तेवढंच. कॉन्ट्रास्ट मात्र मोजून घे, साध्या मजकुराला ४.५ ला १ हे किमान प्रमाण डब्ल्यूसीएजी या वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून केलेल्या नियमावलीत दिलंय, आणि फिकट राखाडीवर मध्यम राखाडी लिहायची डिझायनर लोकांची हौस त्यात हमखास नापास होते.

हेडिंगची ओळ वर चिकटून राहावी म्हणून पोझिशन स्टिकी लावशील आणि ती चिकटणार नाही, मग डोकं धरून बसशील. कारण तोच बाहेरचा स्क्रोल होणारा डिव्ह. स्टिकी सगळ्यात जवळच्या स्क्रोल होणाऱ्या डब्याला धरून चालतं, पानाला नाही. एक तर त्या डिव्हला कमाल उंची दे, नाहीतर स्टिकीचा नाद सोड. वीस ओळींच्या टेबलाला मी तरी सोडेन.

आता जे तीन आठवड्यांत तुला बहुतेक कुणी सांगितलं नसेल ते. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, फुकट आहे, टाकून घे, आणि कंट्रोल-आल्ट धरून बाणांनी तुझ्या टेबलात फिर. हेडिंगचे सेल खरंच टीएच या एचटीएमएलच्या हेडिंग टॅगचे असतील तर तो कॉलम बदलला की कॉलमचं नाव बोलेल. कुणी नुसतं बोल्ड करून हेडिंग 'दाखवलं' असेल तर काहीच बोलणार नाही. एकदा ऐकलंस ना की दिसायला छान आणि वापरायला छान यातला फरक कायमचा कळतो. आणि प्रिंट काढून बघ, टीहेड, म्हणजे हेडिंगच्या ओळीचा टॅग, नीट असेल तर हेडिंग प्रत्येक पानावर परत येतं, अजूनही कितीतरी क्लायंट गाइडचं पीडीएफच मागतात.

काही टेबलं मात्र सीएसएसने सुटणारच नाहीत. सेलमध्ये तीन परिच्छेद, त्यात नोट, त्यात उदाहरण, असं असेल तर ते टेबल नकोच, प्रत्येक पॅरामीटरला छोटं हेडिंग देऊन खाली मजकूर लिहायचा. हे मॅनेजरला जाऊन सांगायची हिंमत कर, दोन्ही नमुने दाखवून. त्या दिवसापासून तुझं काम टेक्निकल रायटरचं. स्टायलिंगचे नियम आता एआय पण लिहून देतं, ते बाबा म्हणतील आणि बरोबरच म्हणतील, पण हे टेबल मोडून टाका असं एआय आपणहून क्वचितच सांगेल, तू विचारलेलंच तेवढं करेल.

कोर्सचं म्हणशील तर ऐंशी हजार आत्ता नको. तुला डेव्हलपमेंट हवंच असेल तर नंतरही करता येईल, तिकडेही हे सीएसएस वाया जात नाही. पण स्वतःला एक विचार: नियम बसला आणि टेबल सरळ झालं तेव्हा जास्त बरं वाटलं, की वर्णनाचं वाक्य सोपं केलं तेव्हा? पहिलं असेल तर फ्रंटएंड किंवा डॉक्स इंजिनिअरकडे जा, म्हणजे थीम, बिल्ड, गिट ही तांत्रिक बाजू. दुसरं असेल तर रायटर हो. दोन्ही असेल तर मजा आहे तुझी, असे लोक टीमला कमीच मिळतात. गूगलचे टेक्निकल रायटिंगचे दोन कोर्स फुकट आहेत, एका वीकेंडला उरकतील, राइट द डॉक्स म्हणून डॉक्युमेंटेशनवाल्यांची २०१३ पासून चालणारी कम्युनिटी आहे तिथे जॉइन हो. इंग्रजीची भीती असेल तर एक सांगतो, डॉक्युमेंटेशनला भारी इंग्रजी लागत नाही, छोटी आणि स्वच्छ वाक्यं लागतात.

पोर्टफोलिओत एकच टेबल टाक, आधीचं आणि नंतरचं, आणि खाली दहा ओळी की काय बदललं आणि का. इंटरव्ह्यूत त्या 'का' वरच सगळं होतं. फक्त कंपनीच्या गाइडचे स्क्रीनशॉट परवानगी न घेता वापरू नकोस. त्यापेक्षा एखाद्या ओपन सोर्स प्रोजेक्टच्या डॉक्समधलं असंच पळणारं टेबल शोध, रीड द डॉक्सच्या साइटवर खूप सापडतील, दुरुस्त करून पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल घ्या अशी विनंती, टाक, आणि बाबांना ती लिंक उघडून दाखव.